जंत

लिफ्टचं दार मिटता मिटता पाचव्या मजल्यावरच्या मेघनाने ओढणीचं टोक नाकाला लावलं, आणि आपण ते लावलं हे लक्षात येताच, घाम टिपायचा होता अशा थाटात ते ओठांवरून, हनुवटीवरून, गळ्यावरून फिरवलं. प्रिस्काने हे सगळं आरशात पाहिलं. बोळिंजच्या त्या इमारतीत लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे होते. बघायचं नाही म्हटलं तरी दिसायचंच. "मॅडम, आज कॉलेज नाही वाटतं?" मेघना म्हणाली. चांगली मुलगी होती, बँकेत होती, गणपतीत मोदक आणून द्यायची. "होतं. पण समुद्रावर जावं लागलं," प्रिस्का म्हणाली. "अय्या, फिरायला?" प्रिस्काने नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नाही. पाचवा मजला आला. मेघना उतरली, दोन पावलं पुढे गेली आणि तिने छाती भरून श्वास घेतला. दार मिटण्याआधी तो प्रिस्काला स्पष्ट ऐकू आला.

एवढंच झालं. पन्नाशी उलटलेल्या, प्राणिशास्त्र शिकवता शिकवता केस पिकलेल्या बाईने मनाला लावून घ्यावं असं त्यात काही नव्हतं. सकाळभर ती वाळूत गुडघे टेकून एका मेलेल्या डॉल्फिनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसली होती, वास येणारच. पण आत आल्यावर तिने नळ सोडला, आधी साबण लावला, मग लिंबू, मग बेसन. चरबीचा वास तो, पाण्याला दाद देत नाही. घासता घासता तिला आईचे हात आठवले. पाचूबंदरच्या घराच्या मागल्या दारी बसून आई, तेरेसा, चिंचेच्या कोळाने हात घासायची, नखं लाल होईपर्यंत, कारण मासळीची पाटी उतरवून मग मुलीला नन्सच्या शाळेत सोडायला जायचं असे. तरी बाकावरच्या मुली वीतभर सरकायच्याच. प्रिस्काने घरी येऊन रडून सांगितलं तेव्हा आई हसली होती. "सरकल्या तं तू पसरून बस. जागा मिलली ना?" प्रिस्का पसरून बसली. त्या वीतभर जागेत बसून ती शिकली, मुंबईला गेली, डॉक्टरेट घेऊन आली, आणि कोळीवाड्यापासून लांब, जिथे कुणाच्या दारात मासळी वाळत घातलेली नसते अशा ठिकाणी तिने घर घेतलं. आईने शिकवलेल्यांपैकी हीच एक गोष्ट आयुष्यभर उपयोगी पडली, आणि याच एका गोष्टीबद्दल तिने आईला कधी माफ केलं नव्हतं.

सकाळी देवेंद्रचा फोन आला होता. देवेंद्र म्हणजे वनखात्याचा तरुण अधिकारी, तिच्याच कॉलेजात शिकलेला. "मॅडम, भुईगावच्या किनाऱ्यावर डॉल्फिन लागलाय. गुरांचे डॉक्टर येतायत, पण ते म्हणाले तुम्ही असलात तर बरं." ती पोचली तेव्हा भोवती माणसांचं कडं जमलं होतं. सुरूच्या बनातून मोटारसायकली थेट वाळूवर आल्या होत्या. एकाने आपली लहान मुलगी त्या धुडाच्या पाठीवर बसवून फोटो काढला होता आणि पोर किंचाळत होती. कड्यातून वाट काढताना प्रिस्काला भाऊ दिसला. ॲन्सेल्म, तिच्याहून लहान, बापामागे बोट चालवणारा. पाचूबंदरच्या चारपाच माणसांत तो उभा होता. तिने हात केला. त्याने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि हात खिशातून काढला नाही. कुतूहलाने आला असेल, असं तिला तेव्हा वाटलं. मग तिची नजर खाली गेली. पाठीवरचं कुबड, त्या कुबडावर बसलेला आखूड पर, आणि त्या पराच्या मागल्या कडेला कुरतडल्यासारखी खोल खाच. शेपटीचा पंखा नव्हता. तो जिथे असायचा तिथे लालसर मांस आणि मणक्याचं पांढरं टोक दिसत होतं.

ती फाटकी होती.

हे नाव ॲन्सेल्मने ठेवलेलं. कोळी लोक या डॉल्फिनला गादा म्हणतात, आणि गादा म्हटला की शिवी देतात, कारण तो जाळ्याशी येऊन आयती मासळी ओढून नेतो आणि जाळं फाडतो. ॲन्सेल्मही शिव्या द्यायचा. पण दर हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी तो बहिणीला बोटीत घालून खाडीच्या तोंडाशी न्यायचा, इंजिन बंद करायचा आणि बिडी ओढत बसायचा. पलीकडे नायगावचे नवे टॉवर धुक्यात अर्धेच दिसायचे. मग मचूळ पाण्यातून पाठ वर यायची, फुस्स करून श्वास सुटायचा, आणि तो म्हणायचा, "बाय, ती बघ तुझी फाटकी." आयुष्यात भावाबहिणीला एकमेकांशी बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं. तो कमी शिकला, ती कमी नांदली. तो चर्चमध्ये मिस्साला जायचा, ती जायची नाही. ॲन्सेल्मची बायको ॲंजेला तिला चहा देताना कपाखाली बशी ठेवायची, जशी पाहुण्याला ठेवतात. उरली होती ती बोट आणि फाटकी. गेल्या हिवाळ्यात फाटकीच्या कुशीला एक पिल्लू दिसलं होतं, अंगावर जन्माच्या घड्या अजून दिसत असलेलं. प्रिस्काने ॲन्सेल्मचा दंड धरला होता, इतक्या जोराने की तो ओरडला होता, आणि मग दोघंही खुळ्यासारखी हसली होती. ही मादी दहा वर्षांची होते तेव्हा कुठे तिला पहिलं पिल्लू होतं, प्रिस्का त्याला सांगत होती. वर्षभर पोटात, मग दोन वर्षं अंगावर, आणि त्यानंतरही ते आईला सोडत नाही. मासा कसा घेरायचा, ओहोटीला खाडीतून कधी निघायचं, हे शिकत राहतं. "म्हंजे आपल्या आयसारखीच," ॲन्सेल्म म्हणाला होता. "सोडतच नाय."

डॉक्टरांनी सुरी चालवली. पोट उघडलं तसं कडं मागे हटलं आणि मग पुन्हा पुढे सरकलं. जठर भरलेलं होतं. बोय अख्ख्या होत्या, खवले अजून चमकत होते. ढोमे अर्धवट विरघळलेले. खाली तळाशी जुन्या जेवणांतून उरलेले माशांच्या कानातले पांढरे खडे, आणि माकूलांच्या, म्हणजे स्क्विडच्या, चोची. प्रिस्का ते बोटांनी वेगळे करत होती. मरायच्या तासाभरापूर्वी ही पोटभर जेवली होती. आजारी जनावर जेवत नाही. मग जठराच्या घडीत जंत दिसले, पांढरे, शेवयांसारखे, गुच्छाने भिंतीला लागलेले. डॉक्टरांनी फुप्फुस कापलं तर तिथेही; कवटीच्या पोकळीतून चिमट्याने ओढले तर एकामागून एक निघतच राहिले. कुणीतरी ओकलं. "बाप रे, जंतांनीच खाल्लं की!" एक बाई म्हणाली, आणि ते वाक्य कड्यातून फिरत गेलं, प्रत्येकाच्या तोंडून थोडं मोठं होत. पण फुप्फुसातून फेस येत होता. पांढरा, बारीक बुडबुड्यांचा, दाबावं तसा अधिकच येणारा. प्रिस्काने हातमोज्यातल्या बोटाने फाटकीच्या चोचीची कातडी पुसली. तिथे आडव्या उभ्या बारीक रेघा उमटल्या होत्या, चौकटी चौकटींच्या. मग तिने जबडा उघडला. मागच्या दातांत जाळ्याचा एक तुकडा अडकला होता, तळहाताएवढा, हिरवा. तो जुन्या जाळ्याचा होता आणि हाताने दुरुस्त केलेला होता. गाठी डावीकडून ओढलेल्या होत्या.

सगळ्या पाचूबंदरात डाव्या हाताने जाळं विणणारी एकच बाई होती. त्याबद्दल तिला लहानपणी बापाने मारलं होतं, लग्नानंतर सासूने मारलं होतं, फादरनेही एकदा समजावलं होतं. पण तेरेसाची सुई डाव्याच हातात राहिली. प्रिस्का लहान असताना आईसमोर बसून तिने ती गाठ शिकायचा प्रयत्न केला होता आणि तिला ती उलटी दिसायची, आरशातल्यासारखी, म्हणून कधी जमली नव्हती. तिने वर पाहिलं. ॲन्सेल्म आता तिच्याकडे बघत होता. तो किती वेळ बघत होता कोण जाणे. तिने तो तुकडा मुठीत घेतला, मोजा उलटा करून काढला, तुकड्यासकट त्याची गुंडाळी केली आणि पर्समध्ये टाकली. कुणाच्या लक्षात आलं नाही. देवेंद्र तिच्याजवळ वाकला. त्याच्या आवाजात विनंती होती. "मॅडम, जंत फारच आहेत, नाही? जंतांमुळे गेला म्हणायचं ना?" संरक्षित प्राणी होता; जाळं म्हटलं की गुन्हा, मग कुणाचं जाळं, मग बोटी, पंचनामे, मोर्चे. देवेंद्रला हे नको होतं. पाचूबंदरच्या माणसांना नको होतं. मोबाइल धरून उभ्या असलेल्या पोरांनाही जंतच हवे होते, कारण ते दिसायला भयंकर होते. एक शब्द बोलायचा होता, आणि तो पुरता खोटाही नव्हता. जंत होतेच.

नंतर, बेसनाचे हात धुताना, प्रिस्का स्वतःला विचारत राहिली की तेव्हा आपल्याला झालं काय. जाळ्याचा तुकडा लपवला, म्हणजे खऱ्याची फार चाड होती असं नाही. मग तेवढं एक वाक्य का गिळता आलं नाही? तिला एवढंच आठवत होतं की त्या "जंतांनी गेला" म्हणण्याने तिच्या अंगाची आग झाली. जन्मभर ती पोरांना हेच शिकवत आली होती. हे जंत माशांतून येतात, माशात ते शेवंडीच्या पिलाएवढ्या किड्यांतून येतात. पिल्लू तोंडात पहिला मासा धरतं तेव्हापासून ते त्याच्यासोबत असतात, काही तर त्याआधीपासून, आईच्याच रक्तातून आलेले. त्यांना ते जनावर जिवंत हवं असतं. ज्याच्या पोटात राहायचं त्याला मारून कुणाचं भलं होतं? फाटकी त्यांना पोटात वागवून खाडीत शिरत होती, पिल्लं वाढवत होती. त्यांच्या माथी तिचं मरण मारायचं म्हणजे... "जंतांनी कुणी मरत नाही," ती म्हणाली होती, वर्गात म्हणावं तसं मोठ्याने. "जाळ्यात अडकून, गुदमरून मेली. आणि ती आहे, तो नाही. दूध आहे तिला." तिने स्तनाजवळची कातडी दाबून दाखवली. दाट, पिवळसर दूध वाळूवर ओघळलं. कड्यातली बडबड थांबली. जेव्हा तिने परत मान वर केली तेव्हा ॲन्सेल्म पाठमोरा होऊन चालू लागला होता.

दूध पाहताना तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली होती, ती मात्र तिने कुणाला सांगितली नाही. कारखान्यांतून खाडीत येणारं जे विष माशांतून या प्राण्यांच्या चरबीत साठतं, ते नर मरेपर्यंत अंगात वागवतो. मादी मात्र मोकळी होते. ती ते दुधातून पिल्लाला देते, आणि सगळ्यात जास्त देते पहिल्या पिल्लाला. पुढच्यांच्या वाट्याला थोडं येतं. पहिलं पिल्लू पुष्कळदा जगत नाही. प्रिस्का पहिली. ॲन्सेल्म तिच्यानंतर. आईची ती धारदार जीभ, तिचा तो पाटी डोक्यावर घेऊन जगाला ठोकरत चालण्याचा ताठा, सगळं प्रिस्कात उतरलं, आणि ॲन्सेल्म गाणारा, नाचणारा, लग्नात कोंबडभात वाढणारा निघाला. असल्या उपमा तिला आवडत नसत. विद्यार्थ्याने पेपरात अशी उपमा लिहिली तर ती लाल रेघ मारायची. तिने नळ बंद केला, हात पुसले, पर्समधली गुंडाळी काढली. हिरवा तुकडा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर नेला. तो पेटला नाही, आक्रसला, गाठी एकात एक वितळल्या आणि काळा थेंब होऊन बर्नरवर पडला. तिने तो सुरीने खरवडून कचऱ्यात टाकला. मग जेवायला बसली आणि जेवली नाही.

दुपारी देवेंद्रचा फोन आला. तो मोकळा वाटत होता. "मॅडम, काळजी करू नका. साहेबांनी नैसर्गिक मृत्यू म्हणून केस बंद केली. जेसीबीने खड्डा करून पुरूनसुद्धा टाकला." ती म्हणाली, "मी जाळं सांगितलं होतं." "हो मॅडम, तुम्ही मत दिलंत. पण जाळं सापडलं नाही ना. नुसत्या रेघांवर काय करणार?" तिची नजर बर्नरवरच्या काळ्या डागावर गेली. "हॅलो? मॅडम?" तिने फोन ठेवला. जाळं सापडलं नव्हतं, कारण ते सापडलेलं तिने पर्समध्ये घातलं होतं. म्हणजे तिने काय केलं? फाटकीला न्याय मिळू दिला नाही, आणि न मिळालेल्या न्यायासाठी भावाला चारचौघांत उघडं पाडलं. दोन्हीकडचं नुकसान तिने एकटीने, कुणाची मदत न घेता केलं. मोबाइलवर तोवर किनाऱ्यावरचा व्हिडिओ फिरून आला होता: तिचा करारी चेहरा, मागे समुद्र, "जंतांनी कुणी मरत नाही." खाली पाचूबंदरच्या कुणीतरी लिहिलं होतं, कोळ्याच्या पोटी कोळ्याची वैरीण.

ऊन कलल्यावर तिने स्कूटर काढली. भावाला निदान सांगायला हवं होतं की केस मिटली, कुणी येणार नाही. होळी बाजाराच्या रस्त्याला वाडीतल्या बायका पालेभाजीच्या जुड्या बांधत होत्या. एकीने ओळखून हात केला, तिने वेग कमी केला नाही. पाचूबंदरला चर्चपुढच्या मोकळ्या जागेत माणसं बसली होती. ती आली तसं त्यांचं बोलणं थांबलं, ती गेल्यावर सुरू झालं. घराच्या ओट्यावर ॲंजेला बोंबलाची टोपली आवरत होती. ती उठली नाही. "आत हायेत," एवढंच म्हणाली, आणि आज चहाचं विचारलं नाही. आत आई खाटेवर बसून जाळं सांधत होती. डोळ्यांना आता फारसं दिसत नसे, पण सुई चालायची. ॲन्सेल्म दाराकडे पाठ करून जमिनीवर बसला होता.

"केस बंद झाली," प्रिस्का म्हणाली. "नैसर्गिक मृत्यू. कुणी विचारायला येणार नाही."

"मना म्हायती हाय," ॲन्सेल्म म्हणाला. "जेसीबीवाल्याने सांगितला."

"मग झालं."

"काय झालं?" तो वळला. डोळे तांबारले होते. "सरकार नाय येनार. पन मच्छीमार सोसायटीची मानसं सकालपासून येतात. कोनाचं जालं, ॲन्सेल्म? तुझी बहीन एवढी खातरीने बोलली ती कोनाच्या जीवावर? उद्या बंदी आली तं कोन भरनार? बाय, तू जंत बोलली असतीस तं काय बिघडला असता? देवेंद्रसाहेब तुझ्या तोंडात शबूद घालीत व्हता."

"खोटं होतं ते."

"गादा मेला व्हता! मेलेल्याला काय खरा न् काय खोटा?"

ती म्हणू शकली असती की तुझा तुकडा मी लपवला, जाळला, अजून माझ्या घरात त्या प्लास्टिकचा वास आहे. शब्द जिभेवर आले होते. पण ते बोलणं म्हणजे उपकार मोजून दाखवणं, आणि आईसमोर तर ते तिला मरून जमलं नसतं. "जाळं रावसासाठी लावलं होतंस?" तिने विचारलं.

ॲन्सेल्मने मान हलवली. मग कुणी न विचारता तो बोलू लागला, जमिनीकडे बघत. पहाटे जाळं जड लागलं. वर आलं तं फाटकी. "मी वलखली तिला. पर बघितला न् वलखली. शेपटीला जालं असा गुतलेला, पीलच पील. पिल्लू भवती फिरत व्हता. बोटीवर डोका आपटीत व्हता, बाय. मी काय करनार? जालं कापला असता तं मोसम गेला माझा. मी शेपटी कापली." तो थांबला. ओट्यावरची ॲंजेलाची टोपलीही थांबली. "ती मेलेली व्हती ना? मी कापली तवा? हलत नव्हती. तू बघितलास ना आतून सगला. मेलेली व्हती ना ती?"

सकाळी त्या तुटलेल्या टोकावर प्रिस्काने बोट ठेवलं होतं. कातडीच्या आत, मांसाच्या थरांत रक्त साकळलेलं होतं, काळं, गाठींचं, वीतभर वरपर्यंत पसरलेलं. मेलेल्या अंगात रक्त असं धावून येत नाही. डॉक्टरांनीही ते पाहिलं होतं आणि दोघं एकमेकांकडे बघून काही बोलली नव्हती. आता ॲन्सेल्मचं तोंड वर होतं. तो लहान असताना ताप आला की असाच बघायचा, आपण मरणार नाही ना असं तिलाच विचारायचा, आईला नाही.

"मेलेली होती," प्रिस्का म्हणाली. "बऱ्याच आधी. तिला काही कळलं नाही."

ॲन्सेल्मने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि मग त्याचे खांदे सैल झाले. त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले, उठला, तिच्या बाजूने गेला, तिला स्पर्श न करता, आणि ओट्यावर जाऊन बायकोला म्हणाला, "पानी दे." प्रिस्काला वाटलं, आता निघावं. तिने पर्स खांद्याला लावली.

"पिल्लाचा काय व्हईल?" आईने विचारलं. मान वर केली नव्हती.

"अजून दुधावर होतं. नाही जगणार."

"हं." आईने गाठ ओढली, दातांनी दोरा तोडला. मग तिने आपले धूसर डोळे प्रिस्काच्या दिशेने वळवले, ती उभी होती त्याच्या जरा डावीकडे, आणि आवाज खाली आणून, ओट्यावर ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "आता बोललीस तसा सकाली बोलाया काय झाला व्हता तुला?"

आईने उत्तराची वाट पाहिली नाही. जाळ्याचा पुढचा भाग मांडीवर ओढून ती फाटलेली जागा बोटांनी चाचपू लागली.